परेडच्या आधी पेरलेली वांगी

चंदा,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, निळ्या खुणा मला दिसतात, अजून एवढी आंधळी झालेली नाही मी. उत्तर मात्र नाही. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी माझ्या सुनेने, रसिकाने, 'आई, एखादं छानसं व्यक्तिचित्र द्या ना, हलकंफुलकं' असं मागितलं. व्यक्तिचित्र तुझं आहे. हलकंफुलकं जमणार नाही. छापायचं की नाही ते रसिकाने बघावं. तिचं नाव यात येणार आहे आणि ते मी बदलणार नाही.

तुला माहीत असलेल्या गोष्टीही मला सांगाव्या लागतील. अंक वाचणाऱ्या नव्या मंडळींना तू म्हणजे 'त्या रोपंवाल्या काकू', एवढंच ठाऊक आहे. रोपंवाल्या काकू! स्टेनो म्हणून दिल्लीच्या मंत्रालयात शिरलेली आणि सेक्शन ऑफिसर म्हणून बाहेर पडलेली बाई, तिची ही ओळख. एका साहेबाने पहिल्याच आठवड्यात तुला चहा करून आणायला सांगितलं, तेव्हा तू वही मिटून म्हणालीस, "सर, डिक्टेशन संपलं असेल तर मी जाते. चहा कॅन्टीन में मिलता है." हे तू मला सांगितलं नाहीस. तुझ्या नवऱ्याने, यशवंतने सांगितलं, अभिमानाने लाल होत. त्या चंदा रामटेकेला नाही म्हणता येत होतं. म्हणून तर माझा राग जात नाही.

भंडारा जिल्ह्यात पवनीच्या बाजूला, वैनगंगेच्या काठी तुझं गाव. पूर ओसरला की काठावर गाळ उरतो, त्यात तुझी आई वांगी लावायची आणि टोपली डोक्यावर घेऊन आठवडी बाजारात विकायची. त्याच वांग्यांवर तू नागपूरला होस्टेलात राहून शिकलीस. नोकरीला दिल्लीला निघालीस तेव्हा आईने लुगड्याच्या चिंधीत बी बांधून दिलं. दागिना वगैरे नव्हताच, बी होतं.

ते वांगं मी खाल्लं आहे, म्हणून बोलते. लहान, गोल, पांढरट हिरव्या अंगावर जांभळ्या रेघा, आणि देठाला असे काटे की भाजीवाला हात लावणार नाही. शिजलं की तोंडात राहतच नाही. बाजारात त्याला नाव नाही. तू 'आईचं वांगं' म्हणायचीस, मग आमच्या घरीही तेच नाव पडलं. माझा मुलगा लहानपणी विचारायचा, "कुणाच्या आईचं?"

लक्ष्मीबाई नगरच्या जुन्या क्वार्टरमध्ये आपल्या दोघींची मागची भिंत एक होती. मी पुण्याहून वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, विनायकच्या नोकरीपायी दिल्लीत आलेली, आणि शेजारणीला शहाणपण शिकवायला उतावीळ. पण रोपांच्या बाबतीत तू कुणाचं ऐकलं नाहीस, दिल्लीच्या थंडीचं सोडून. पहिल्या वर्षी गावच्या घाईने तू डिसेंबरातच पेरलंस. सगळं मातीत कुजलं. निम्मं बी हातातलं गेलं. तेव्हा भिंतीपलीकडे तू रडत होतीस आणि यशवंत म्हणत होता, "अगं, वांगी आहेत ती." तू त्याच्या अंगावर ओरडलीस, "वांगी नाहीत ती!" हे मी ऐकलं आहे. विसरले असेन असं समजू नकोस.

त्यानंतर तुझा नियम झाला. परेड झाली की पेरायचं, होळी पेटली की बाहेर काढायचं. सव्वीस जानेवारीला टीव्हीवर परेड लागायची, शेवटी विमानं आपल्या डोक्यावरून गडगडत जायची, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, की तू उठायचीस आणि बी कोमट पाण्यात टाकायचीस. दुसऱ्या दिवशी ते ओल्या फडक्यात बांधून टीव्हीच्या मागे, उबेला. मी हसायचे. म्हणायचे, "चंदा, तुझं पंचांग संरक्षण मंत्रालय काढतं." तू म्हणायचीस, "त्यांचं चुकत नाही, प्रभाताई."

नव्या मंडळींनी जरा ऐकून ठेवावं, कारण पुढे काय झालं ते कळायला हे लागतं. मिठाईच्या खोक्यांना खालून भोकं. पीठ चाळायच्या जुन्या चाळणीने चाळलेली माती, तिच्यात रेती आणि कडुनिंबाच्या पाल्याचं खत, आणि पेरण्याआधी तिच्यावर उकळतं पाणी, म्हणजे रोप बुडातून सडत नाही. वरून पाणी कधी घालायचं नाही. खोकं परातीत ठेवायचं, माती खालून पिऊन घेते. वर वर्तमानपत्र झाकायचं, पण पहिला हिरवा आकडा मातीतून वाकून वर आला की कागद त्याच सकाळी काढायचा आणि खोकं उन्हात न्यायचं. पुढचं माझं आवडतं. रोज सकाळी कामावर जाण्याआधी, साडी नेसून, पर्स खांद्याला लावून, तू त्या रोपांच्या शेंड्यांवरून तळवा फिरवायचीस, शाळेत जाणाऱ्या पोरांच्या डोक्यावरून फिरवावा तसा. वाऱ्यासारखं हलवलं की खोड जाड होतं. फाल्गुनात मग तू त्यांना बाहेर काढायचीस, आधी तासभर, मग दुपारपर्यंत, आणि पाणी तोडायचीस. मी म्हणायचे, "बिचारी मान टाकतायत." तू म्हणायचीस, "टाकू देत. आत्ता लाड केले तर एप्रिलच्या लूमध्ये, त्या भाजणाऱ्या वाऱ्यात मरतील."

होळीनंतर तुझी रोपं सगळ्या कॉलनीत जायची. तमीळ, बंगाली, वरच्या मजल्यावरचे पंजाबी, सगळ्यांच्या कुंड्यांत आईची वांगी. पण पुढच्या वर्षीसाठी बी धरायचीस तू एकटीच, बाकीचे खाऊन मोकळे. खोड बोटाएवढं, पानं काळपट हिरवी. मी वनस्पतिशास्त्र शिकले, पण एवढी धडधाकट रोपं मला कधी जमली नाहीत. माझा धीर आठव्या दिवशी संपतो.

मग वर्षं गेली. माझी विनायकच्या निवृत्तीनंतर मुलाकडे, गुरुग्रामच्या टॉवरमध्ये रवानगी झाली. तुझा यशवंत निवृत्तीआधीच गेला. जुनी क्वार्टरं पडली, नव्या उंच इमारती आल्या, आणि तुझ्या मुलाला, समाधानला त्यातच फ्लॅट मिळाला, म्हणून तू परत लक्ष्मीबाई नगरातच, पण हवेत. अंगण गेलं, वीतभर बाल्कनी आली. तरी दर परेडनंतर तू पेरत होतीस, खोकी कमी, रोपं कमी. गेल्याच्या गेल्या वर्षी बियांसाठी झाडावर पिकायला ठेवलेली वांगी माकडांनी नेली. बी धरायचं म्हणजे वांगं पिवळं पडून लोंबेपर्यंत झाडावर ठेवावं लागतं, आणि दिल्लीच्या माकडाला पिवळं दिसलं की ते त्याचं. उरलं ते एका छोट्या डबीत मावेल एवढंच जुनं बी. तेवढंच. गावात तुझी आई नाही, दिल्लीत कुणाकडे ते झाड नाही. ही डबी संपली की तुझ्या हातातलं आईचं वांगं संपलं, हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, समाधानलाही माहीत होतं.

आणि मग डिसेंबरात रसिकाने तुला केलेला फोन.

आपलं मंडळ सुरू झालं लक्ष्मीबाई नगरात. पुढे पोरं गुरुग्रामला आली तसं मंडळही आलं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, आणि येणाऱ्या प्रत्येकीला वाण, म्हणजे काहीतरी वस्तू. रसिका सेक्रेटरी. मी जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होते आणि फोन स्पीकरवर होता, त्यामुळे शब्द न् शब्द माझ्यासमोर झाला.

"काकू, यंदा प्लास्टिकचे डबे बिल्कुल नकोत असं ठरलंय. रोपं द्यायची. आणि तुमच्याशिवाय हे कोण करणार, सांगा!"

"कधी हवीत?"

"रथसप्तमीला. यंदा पंचवीस जानेवारीलाच आलीये, आणि रविवार आहे! परफेक्ट ना?"

मी मटार टाकून ओरडले, "परेडच्या आधी? चंदा, नाही म्हण तिला."

रसिका म्हणाली, "आई, रथसप्तमीला थंडी संपतेच ना? आजी सांगायची, सूर्याचा रथ वळतो."

"तुझ्या आजीच्या साताऱ्यात वळत असेल. गुरुग्रामात तो अजून पार्किंग शोधत असतो. होळीनंतर द्या रोपं."

"होळीनंतर वाण कोण देतं, आई?"

मला वाटलं, आता ती चहावाली चंदा बोलेल. तू म्हणालीस, "होतील. आईची वांगी देईन."

मी फोन हिसकावून घेतला. "डोकं ठिकाणावर आहे का? नर्सरीतून मिरचीची रोपं आण आणि दे वाटून. कुणाला कळणार आहे?"

"वाण द्यायचं तर आपलं द्यावं, प्रभाताई. विकतचं काय द्यायचं?"

"बी किती आहे?"

"आहे तेवढं टाकेन. जुनं आहे, निम्मंच उगवेल."

का, चंदा? मला उत्तर माहीत आहे आणि त्याचाच मला संताप आहे. इतक्या वर्षांत ह्या मंडळाने तुझ्याकडे वर्गणी सोडून काही मागितलं नव्हतं. गणपतीला मोदक करायला तुला बोलावलं नाही, नाटकात घेतलं नाही. 'रामटेके ना, त्यांचं वेगळं असतं' असं कुणीतरी म्हणायचं, आणि ते वेगळं म्हणजे काय हे कुणी विचारायचं नाही. चौदा एप्रिलला तू सगळ्यांना खीर पाठवायचीस. डबे परत यायचे, धुतलेले, रिकामे. माझा मात्र मी कधी रिकामा पाठवला नाही, तेवढं कबूल कर. तर, त्या मंडळाने पहिल्यांदा काही मागितलं, आणि तू डबीच उपडी केलीस.

जानेवारीत मी मेट्रोने आयएनएला उतरून तुझ्याकडे आले. बाहेर धुकं असं की समोरची इमारत नाही. तुझ्या घरात फ्रिजवर खोकी, टीव्हीखाली खोकी, आणि मधोमध हिटर लावलेला. समाधान कानटोपी घालून ऑफिसचं काम करत होता.

"मावशी, हिटर त्यांच्यासाठी आहे," तो म्हणाला. "मला मागे सरकायला सांगितलंय. त्यांची ऊब अडते म्हणे."

मी वाकून रोपं बघितली. ऊब मिळाली म्हणून उगवली होती, पण ऊन नव्हतं. पांढुरकी, दोऱ्यासारखी, खिडकीकडे मान ताणून एकमेकांवर रेललेली. तू तळवा फिरवत होतीस, पण त्यांच्यात हलण्याचीही ताकद नव्हती.

"ही रोपं आहेत की शेवया?" मी म्हणाले.

"येतील सावरत."

"नाही येणार. तुलाही माहीत आहे. रसिकाला सांग, जमत नाही. मी सांगते, दे फोन."

"प्रभाताई, नको." तू माझा हात धरलास. "शब्द दिलाय."

मग मी एवढंच करून घेतलं, की त्यातली बरी निवडून तू मागे ठेवायचीस. माझ्यासमोर एका निळ्या डब्यात तू ती लावलीस, जरा बुटकी, जरा खोड असलेली. "ही कुणाला द्यायची नाहीत," मी म्हणाले. "समाधान, तू साक्षीदार." तो म्हणाला, "मावशी, मी तर हिटरचाही साक्षीदार आहे."

पुढचा शहाणपणा रसिकाचा. तिने ॲपवरून तुझ्याकडे कुल्हड, म्हणजे चहाचे मातीचे पेले पाठवले, पांढरे रंगवलेले, वर रिबन. त्यांना भोकं नव्हती. तू विचारलंस, भोकं पाडू का? ती म्हणाली, "नको काकू, ड्रॉइंगरूममध्ये पाणी गळेल." म्हणजे आधीच अर्धमेली रोपं, ती उपटून बिनभोकाच्या कुल्हडात. आणि हेही तू केलंस!

रथसप्तमीला क्लबहाऊसमध्ये ब्लोअर लावून चैत्रासारखं गरम केलं होतं. तू निळी रेशमी साडी नेसली होतीस, अंबाड्याला शेवंती. आवरून आली होतीस, चंदा. मी ओळखते ना तुला, रिटायरमेंटच्या समारंभाला आली होतीस तशी. रोपं टेबलावर मांडून तू माझ्या शेजारी खुर्चीवर बसलीस. मंडळातली अक्षया करंडा घेऊन रांगेने हळदकुंकू लावत आली. तुझ्यासमोर तिचा हात आला, थांबला. तिने रसिकाकडे बघितलं. रसिका घाईने म्हणाली, "काकू, तुम्ही प्लीज टेबलाकडे बघता? वाण द्यायला कुणीतरी हवंय." तू उठलीस. इतकी पटकन उठलीस, जणू त्यासाठीच आली होतीस. हात तुझ्या रिकाम्या खुर्चीवरून माझ्याकडे आला. मी कपाळ मागे घेतलं. "मला नको." अक्षयाला वाटलं, ॲलर्जी आहे. "अच्छा, काकू, स्किनचं असेल," म्हणाली आणि पुढे गेली. माझा निषेध हा असा, स्किनचा.

त्यानंतर तू टेबलामागे उभी. प्रत्येकीच्या हातात कुल्हड देताना सांगत होतीस, "रात्री बाहेर ठेवू नका हं. होळीपर्यंत खिडकीत. पाणी थोडंच." बायका 'हो काकू, हो काकू' म्हणत सेल्फी काढत होत्या. कुणीतरी कौतुकाने रोपालाच हळदकुंकू वाहिलं. आणि शेवटी उशिरा आलेल्या चौघी-पाचजणी राहिल्या आणि टेबल रिकामं झालं.

"काकू, अजून आहेत का? धवलची आई पहिल्यांदाच आलीये, तिला रिकाम्या हाताने कसं पाठवू?"

तू खाली वाकलीस आणि टेबलाखालून निळा डबा काढलास.

मी उठेपर्यंत उशीर झाला होता. गुडघे माझे. हॉल ओलांडून आले तर डबा उघडलेला, आणि तू माती न सांडता एकेक रोप कागदी चहाच्या कपात बसवत होतीस. तुझी बोटं थरथरत नव्हती. मला ती थरथरायला हवी होती.

परतीच्या कॅबमध्ये आपण बोललो ते मला पाठ आहे. तुला एकटीला सोडायचं नाही म्हणून मी लक्ष्मीबाई नगरपर्यंत आले होते.

"निळा डबा घरी का ठेवला नाहीस?"

"कमी पडली तर, म्हणून आणला."

"म्हणजे द्यायला आणला!"

"मागितली त्यांनी, प्रभाताई."

"आणि तू उठलीस का खुर्चीवरून? बसून राहायचं होतंस दगडासारखी!"

एम्सचा पूल आला तेव्हा म्हणालीस, "मला कुंकू नकोच होतं. मी लावत नाही, यशवंत होते तेव्हाही लावत नव्हते. पण हात माझ्यापर्यंत येऊन थांबला ना, तेव्हा वाटलं, विचारायला काय हरकत होती? मी नाही म्हटलं असतं. मला नाही तरी म्हणू द्यायचं होतं."

"नाही म्हणायचं होतं तर डिसेंबरात म्हणायचं होतंस, मूर्ख बाई!"

ड्रायव्हरने आरशातून बघितलं. "आंटीजी, सब ठीक?"

"कुछ ठीक नहीं है," मी म्हणाले. "आप गाड़ी चलाओ."

दुसऱ्या दिवशी परेड झाली. विमानं आता मला नुसती टीव्हीवर दिसतात, पण सवयीने मी फोन उचलला. "चंदा, विमानं गेली. पेरायची वेळ झाली." तू म्हणालीस, "डबी धुऊन ठेवली, प्रभाताई."

त्या आठवड्यात थंडीची लाट आली. मी मंडळाच्या यादीवरून एकेकीला फोन लावायला बसले. अक्षया म्हणाली, "काकू, मी इनडोअर प्लांट समजून टीव्हीखाली ठेवलं, मस्त दिसत होतं, मग ते झोपलं." झोपलं! एकीने 'ताजी हवा' म्हणून बाराव्या मजल्याच्या बाल्कनीत ठेवलं होतं, सकाळी काळं. एकीच्या कामवालीने वाळलेलं गवत म्हणून फेकलं, कुल्हड मात्र पेनं ठेवायला ठेवला. एक बाई मला म्हणाली, "ती तुळस नव्हती का?" आणि धवलची आई, जिच्याकडे निळ्या डब्यातलं गेलं होतं, ती खरोखर वाईट वाटून म्हणाली, "मी रोज पाणी घालत होते हो, दिवसातून दोनदा." माझ्या घरातलं मी वाचवायला बघितलं. कुल्हड फोडला, माती बदलली, दिव्याखाली ठेवलं. बुडाशी एके सकाळी केसासारखं बारीक झालं आणि आडवं पडलं. ज्या मुलखात मी इतकी वर्षं काढली तिथे एक वांग्याचं रोप मला उभं करता आलं नाही.

रसिकाला मी यादी वाचून दाखवली. ती आधी म्हणाली, "आई, नर्सरीत दुसरी मिळतील ना?" मग मी तिला डबीचं सांगितलं. तिचा चेहरा उतरला, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. त्याच संध्याकाळी ऑफिसातून ती परस्पर तुझ्याकडे आली. तिथे ती रडली म्हणे. आणि तू काय केलंस? चहा केलास. पोहे केलेस. पाठीवर हात फिरवलास आणि म्हणालीस, "होतं असं. पुढच्या वर्षी बघू." ती घरी येऊन मला सांगते, "काकू किती ग्रेसफुल आहेत!" ग्रेसफुल! कशाचं पुढचं वर्ष, चंदा? कुठलं बी? तू तिला ओरडली असतीस तर ती जन्मभर विसरली नसती. पोह्यांनी ती दोन दिवसांत बरी झाली.

मग मीच चिडून विषय काढला. मंडळी, लक्ष द्या, अजून एक दार उघडं होतं. तुझी मोठी बहीण वारली, तिची मुलगी क्रांती पवनीलाच शेती करते. बऱ्याच वर्षांपूर्वी तू तिला आजीचं म्हणून मूठभर बी दिलं होतंस. तिच्या बांधाला अजून ते झाड असेल, नसेल. असेल तर होळीच्या सुमाराला तिथली शेवटची वांगी निघतात. एक फळ झाडावर पिवळं पडेपर्यंत राखायला सांगायचं, एवढंच काम.

"फोन कर तिला," मी म्हणाले.

"बी फोनवर मागत नाहीत, प्रभाताई. जाऊन, काही हातावर ठेवून, पदरात घ्यायचं असतं."

"मग जाऊ. मी येते. भंडारा रोडपर्यंत गाडी आहे."

मी तिकिटं काढली. आयएनए मार्केटातून गजकाचा, तीळगुळाच्या कुरकुरीत वड्यांचा, मोठा डबा घेतला, क्रांतीच्या पोरांसाठी, तिकडे मिळत नाही म्हणून. जाण्याच्या आदल्या दिवशी तुझा फोन आला.

"प्रभाताई, नको जायला."

"का? तब्येत?"

"नाही. क्रांती विचारेल, मावशी, आजीचं सगळं बी दिलंस कुणाला? काय सांगू तिला?"

माझ्याकडे याला उत्तर होतं. मी म्हणाले, "माझं नाव सांग. सांग की त्या बाईच्या सुनेने मागितलं. सांग की बामणांना वाटून टाकलं आणि त्यांनी मारलं. खरं ते सांग!" तू म्हणालीस, "तेच तर सांगवत नाही." मी म्हणाले, मग मी एकटी जाते. तू म्हणालीस, "मी नसताना जाऊ नका. माझी शपथ आहे." आयुष्यात तू मला पहिल्यांदा शपथ घातलीस, आणि घातलीस ती ह्यासाठी!

होळी झाली. पाडवा झाला. समाधानची बदली कोचीला निघाली आणि तू स्टेशनवरून फोन केलास, "निघतेय. बघू मग." तिकडे म्हणे काठी रोवली तरी पालवी फुटते. मग फोन उचलणं बंद केलंस. लाज तुला वाटते, चंदा, ही माझी खरी तक्रार आहे. लाज ज्यांना वाटायला हवी त्या इथे नव्या वाणाची चर्चा करतायत. यंदा म्हणे स्टीलच्या बाटल्या. आणि चेहरा लपवून बसली आहेस तू.

पुन्हा फाल्गुन येईल. क्रांतीच्या बांधावर झाड असेल तर तिची पोरं वांगी कोवळीच तोडून खातील, कारण एक राखून ठेव असं तिला कुणी सांगितलेलं नाही. तिकिटं मी रद्द केली. गजक विनायकने दुपारच्या चहाबरोबर संपवलं. पवनीला जायचं राहिलं.